राजा-पंजीवर घेतलेला ऑल-इन कॉल खरंच किती वाईट होता?

प्रश्नातला हात पोकरच्या (टेक्सास होल्डेम) स्पर्धेतला आहे; तो आधी नीट मांडून घेऊ. आठ जणांचं टेबल, ब्लाइंड ५००/१,००० (दोघांनी आधीच भरायची सक्तीची रक्कम; ती भरणाऱ्यांनाही स्मॉल आणि बिग ब्लाइंड म्हणतात), प्रत्येकाची अँटी, म्हणजे दर हाताला सगळ्यांनी भरायची रक्कम, १२५. बक्षिसाच्या जागा अजून बऱ्याच लांब. आधीचे सगळे पत्ते टाकत आले आणि बटनवरून, म्हणजे ब्लाइंडांच्या लगेच आधीच्या जागेवरून, तुम्ही एक्का-नव्वी ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे; एकाच चिन्हाचे ते सूटेड) घेऊन उरलेले १०,००० पुढे ढकलले, म्हणजे शोव्ह केली. स्मॉल ब्लाइंडने टाकले. बिग ब्लाइंडकडे तुमच्या तिपटीहून जास्त चिप्स होत्या. त्याने लगेच कॉल करून, म्हणजे तेवढीच रक्कम घालून, राजा-पंजी ऑफसूट दाखवले. फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत) राजा पडला आणि तुम्ही बाहेर. तुमचं म्हणणं असं की शुद्धीत असलेला माणूस असा कॉल करत नाही.

कॉल चुकीचा होता. पण चूक एका बिग ब्लाइंडच्याही, म्हणजे १,००० चिप्सच्याही, आतली आहे, आणि दोन-तीन आकडे जरा इकडेतिकडे झाले असते तर हाच कॉल बरोबर ठरला असता. कसं ते पाहू, म्हणजे पुढच्या वेळी कुणाचाही कॉल तपासता येईल.

सुरुवात किमतीपासून करायची, पत्त्यांपासून नाही. बिग ब्लाइंडचे १,००० आधीच पॉटमध्ये गेलेत. ते आता त्याचे नाहीत. त्याला अजून ९,००० घालायचे होते. समोर काय पडलं होतं? तुमचे १०,०००, त्याचे स्वतःचे १,०००, स्मॉल ब्लाइंडचे ५०० आणि आठ जणांच्या अँटीचे १,०००. एकूण १२,५००. कॉल केल्यावर पॉट २१,५०० होतो. ९,००० भागिले २१,५०० म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. पॉटमधला त्याचा सरासरी वाटा, म्हणजे इक्विटी, ४२ टक्क्यांच्या वर असेल तर चिप्सच्या हिशोबात कॉल बरोबर, खाली असेल तर चूक. निम्म्यापेक्षा जास्त वेळा जिंकायची त्याला गरजच नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट हरल्यावर डोक्यातून निघून जाते.

या मोजणीत तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला अँटीचा: ती धरली नाही तर पॉट २०,५०० येतो आणि लागणारी इक्विटी ४४ टक्के दिसते. दोन टक्क्यांचा हा फरक काठावरच्या हातांचा निकाल फिरवतो. दुसरा घोळ स्टॅकचा, म्हणजे खेळाडूकडच्या एकूण चिप्सचा. तुम्ही ४०,००० ढकलले आणि कॉल करणाऱ्याकडे ६,०००च असतील, तर ती शोव्ह ६,०००चीच. कायम लहान स्टॅक धरायचा. तिसरा जागेचा. हाच कॉल स्मॉल ब्लाइंडने केला असता तर त्याला ९,५०० घालावे लागले असते, २२,०००च्या पॉटसाठी. म्हणजे ४३ टक्के, आणि वर मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा बाकी. कुणी तरी पाठीमागे जागं असण्याचा धोका आकड्यात दिसत नाही, पण तो असतो. म्हणून त्याच पत्त्यांवरचा स्मॉल ब्लाइंडचा कॉल जास्त कठोरपणे तपासायचा.

स्टॅक बदलला की किंमत किती हलते ते याच टेबलावर बघा. शोव्ह ५,०००ची असती तर ४,००० घालून ११,५००चा पॉट, म्हणजे ३५ टक्के. ७,०००ला ३९ टक्के. १५,०००ला १४,००० घालून ३१,५००, म्हणजे ४४ टक्के. पाच ब्लाइंडांच्या शोव्हवर राजा-पंजी टाकणाराच चुकतो.

आता पत्ते. इथे मनाला एक सवय मोडावी लागते: त्याच्या राजा-पंजीची तुलना तुमच्या एक्का-नव्वीशी करायची नाही. तुमचे पत्ते त्याला दिसत नव्हते. त्याने निर्णय घेतला तो तुमच्या रेंजविरुद्ध, म्हणजे बटनवरून दहा ब्लाइंड घेऊन तुम्ही ज्या ज्या हातांनी शोव्ह केली असती त्या सगळ्यांविरुद्ध.

एक वाजवी रेंज धरू. सगळ्या जोड्या, एक्क्यासह काहीही, सूटेड राजा कोणताही, ऑफसूटमध्ये राजा-अठ्ठी आणि वरचे, राणी-अठ्ठी सूटेडपासून वर, राणी-दश्शी ऑफसूटपासून वर, गुलाम-अठ्ठी सूटेडपासून वर, गुलाम-दश्शी ऑफसूट, दश्शी-अठ्ठी सूटेडपासून वर, आणि सूटेड नव्वी-अठ्ठी व अठ्ठी-सत्ती. कॉल करणाऱ्याच्या हातातला एक राजा आणि एक पंजी वजा केली की उरलेल्या ५० पत्त्यांचे १,२२५ कॉम्बो (दोन-दोन पत्त्यांचे मेळ) होतात. त्यातले ४१३ या रेंजमध्ये येतात. म्हणजे साधारण एक तृतीयांश.

त्यांची वाटणी अशी. जोड्यांचे ७२ कॉम्बो. त्यांच्यापुढे राजा-पंजीला सरासरी ३१-३२ टक्के मिळतात. एक्क्यांचे १८४ कॉम्बो, हा सगळ्यात मोठा गठ्ठा. तिथे साधारण ३६ टक्के. राजांचे ७७ कॉम्बो. बहुतेक ठिकाणी समोरचा किकर (राजासोबतचा दुसरा पत्ता) मोठा, म्हणून ३२च्या आसपास. आणि राणी व त्याखालच्या पत्त्यांचे जोडीविना ८० कॉम्बो; इथे राजा वरचा पत्ता असल्याने ५३ टक्के. प्रत्येक गठ्ठ्याला त्याच्या कॉम्बोच्या संख्येने गुणून सरासरी काढली की ३८ टक्के येतात.

लागत होते ४२, मिळत होते ३८. चिप्समध्ये सांगायचं तर २१,५००चे ३८ टक्के ८,१७० होतात आणि त्यासाठी त्याने ९,००० मोजले. तोटा सुमारे ८३० चिप्स, एका बिग ब्लाइंडपेक्षा कमी. ज्या कॉलवरून चॅटमध्ये शिव्या घालाव्याशा वाटतात त्याची खरी किंमत एवढीच.

आणि तो तोटा जातो कुणाकडे? तुमच्याकडे. त्याने पत्ते टाकले असते तर तुमचा स्टॅक १२,५०० झाला असता. राजा-पंजीने कॉल केल्यावर एक्का-नव्वी साधारण ६३ टक्के वेळा जिंकते, म्हणजे २१,५००तले तुमचे सरासरी साडेतेरा हजार. कॉलमुळे तुम्ही हजारभर चिप्सनी वर गेलात आणि मग राजा पडला. बक्षिसं लांब असताना असे कॉल तुम्हाला हवेच असतात.

रेंजचा अंदाज बदलला की निकालही बदलतो, म्हणून समोरच्याला दोष देण्याआधी त्याला तुमच्याबद्दल काय दिसत होतं हे आठवा. तुम्ही तासभर गप्प बसून पहिल्यांदाच शोव्ह केली असेल आणि त्याने तुमची रेंज जोड्या, एक्के, राजा-राणी, राजा-गुलाम एवढीच धरायला हवी असेल, तर राजा-पंजीची इक्विटी ३४ टक्क्यांवर येते. मग कॉल खरोखर वाईट, तोटा पावणेदोन ब्लाइंडांचा. पण गेल्या दोन फेऱ्यांत तुम्ही तीनदा ढकलले असतील आणि तो तुम्हाला निम्म्याहून अधिक हातांनी ढकलणारा समजत असेल, तर इक्विटी ४४च्या आसपास जाते आणि कॉल बरोबर. सीमारेषा साधारण ४५ टक्के हातांच्या आसपास येते. दोन पत्ते न बघताच ढकलणाऱ्यापुढे तर राजा-पंजी पन्नाशीच्या वर असते.

इथेच पुश-फोल्ड तक्त्यांचा, म्हणजे कोणत्या हातांनी ढकलायचं किंवा कॉल करायचा हे सांगणाऱ्या याद्यांचा, गैरवापर होतो. नॅश (दोन्ही बाजू सर्वोत्तम खेळतात असं धरणाऱ्या) तक्त्यातली कॉलची यादी समोरचाही तक्त्याप्रमाणेच ढकलतोय असं गृहीत धरून बनवलेली असते. तुम्ही तक्त्यापेक्षा सैल ढकलत असाल तर तक्त्याबाहेरचा कॉल त्याची चूक ठरत नाही. उलट त्याने तुम्हाला बरोबर वाचलंय.

आता याच्या उलट उदाहरण घ्या, कारण दिसायला चांगला कॉल किती महाग पडू शकतो हे त्यातून कळतं. तेच टेबल, पण शोव्ह पहिल्या जागेवरून, १५,०००ची, घट्ट खेळणाऱ्या माणसाची. बिग ब्लाइंड राजा-गुलाम ऑफसूटवर कॉल करतो. चॅटमध्ये कुणी काही म्हणत नाही. राजा-गुलाम म्हणजे चित्रं आहेत ना! घट्ट खेळाडूची रेंज धरू: सत्तीच्या जोडीपासून वरच्या जोड्या, सूटेड एक्का-दश्शीपासून वर, ऑफसूट एक्का-गुलामपासून वर, आणि सूटेड राजा-राणी. कॉल करणाऱ्याचे पत्ते वजा करून ८९ कॉम्बो उरतात. त्यातले फक्त २४, म्हणजे सत्ती ते दश्शीच्या जोड्या, असे आहेत जिथे राजा-गुलाम ४५ टक्क्यांच्या जवळपास जातो. एक्का-राणी आणि एक्का-दश्शीपुढे ३९-४०. बाकी सगळीकडे वर्चस्व समोरच्याचं: एक्का-राजा, एक्का-गुलाम आणि राजा-राणीपुढे पाव वाटा किंवा त्याहून थोडासा जास्त, मोठ्या जोड्यांपुढे ३०पासून थेट १०पर्यंत. सरासरी ३३ टक्के. लागत होते ४४. तोटा साडेतीन बिग ब्लाइंडांचा, म्हणजे राजा-पंजीच्या त्या बदनाम कॉलच्या चौपट. टेबलावर हसू कोणत्या कॉलला येतं आणि पैसे कोणत्या कॉलमध्ये बुडतात, यांचा फारसा संबंध नसतो.

इथवर सगळा हिशोब चिप्सचा झाला. बक्षिसाच्या उंबरठ्यावर तो पुरत नाही. एक स्वच्छ उदाहरण: चौघे उरलेत, तिघांना बक्षीस, वाटणी ५०-३०-२०. प्रत्येकाकडे ५,००० चिप्स. प्रत्येकाचा बक्षिसातला वाटा अर्थातच २५ टक्के. एकाने शोव्ह केली आणि दुसऱ्याने कॉल करून जिंकला, तर त्याच्याकडे १०,००० आणि उरलेल्या दोघांकडे ५,०००. आयसीएमने (चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायच्या पद्धतीने) मोजला तर त्याचा वाटा होतो ३८.३३ टक्के, ५० नव्हे. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत दीडपटीच्या जरा वर गेली. हरला तर शून्य. म्हणून ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉलला लागणारी इक्विटी २५ भागिले ३८.३३, म्हणजे ६५ टक्के. समोरचा डोळे मिटून कोणतेही दोन पत्ते ढकलत असला तरी इथे छक्क्यांची जोडी पुरत नाही, कारण यादृच्छिक हातापुढे तिची इक्विटी ६३च्या आसपास असते. सत्त्यांची जोडी किंवा एक्का-राजा लागतो. अशा जागी राजा-पंजीचा कॉल आला तर तो एका ब्लाइंडची नाही, स्पर्धेतल्या वाट्याच्या मोठ्या तुकड्याची चूक असते.

त्यात आणखी वाईट गोष्ट म्हणजे अशा कॉलचा तोटा पूर्णपणे तुमच्याकडे येत नाही. तुम्ही दोघं भिडता आणि बाजूला बसलेल्या दोघांचा वाटा काही न करता वाढतो. बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावर, सैल कॉल करणारा स्वतःचं नुकसान करतोच, पण तुमचंही करतो. म्हणून तिथे त्याच्याविरुद्ध शोव्हची रेंज आखडायची, जरी तक्ता ‘ढकल’ म्हणत असला तरी. सॅटेलाइटमध्ये, म्हणजे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची सारखी तिकिटं देणाऱ्या स्पर्धेत, हे टोकाला जातं. दहा तिकिटं, अकरा खेळाडू, तुमच्याकडे सुरक्षित स्टॅक आणि कोपऱ्यात एकजण पुढच्या फेरीत संपणारा: तिथे मोठ्या स्टॅकच्या शोव्हवर एक्क्यांची जोडी टाकणंही बरोबर असू शकतं. कॉल तपासताना ‘किती जण उरले होते, कितींना पैसे मिळणार होते, त्याच्यापेक्षा लहान स्टॅक किती होते’ हे तीन आकडे नसतील तर मत देण्यात अर्थ नाही.

बाउंटीच्या स्पर्धेत, म्हणजे खेळाडूला बाहेर काढल्याबद्दल बक्षीस असणाऱ्या स्पर्धेत, सुई उलट दिशेला जाते. प्रोग्रेसिव्ह नॉकआउटमध्ये सहसा प्रवेश रकमेचा निम्मा भाग खेळाडूच्या डोक्यावर लागतो. त्याला बाहेर काढणाऱ्याला त्यातला अर्धा रोख मिळतो आणि अर्धा स्वतःच्या डोक्यावर चढतो. सुरुवातीला त्या रोख भागाची किंमत चिप्समध्ये बदलली तर ती सुरुवातीच्या स्टॅकच्या पाव ते अर्ध्याच्या दरम्यान येते, हिशोब कसा धरता त्यावर. आपल्या हातात बाउंटी ४,००० चिप्सइतकी धरली तर पॉट २५,५०० होतो आणि लागणारी इक्विटी ४२वरून ३५वर घसरते. राजा-पंजीचे ३८ टक्के आता पुरतात आणि तोच कॉल बरोबर ठरतो. अट एकच: कॉल करणाऱ्याकडे शोव्ह करणाऱ्याइतक्या किंवा जास्त चिप्स हव्यात, नाहीतर जिंकूनही बाउंटी मिळत नाही. तुमची स्पर्धा या प्रकारची होती का हे प्रश्नात नाही; असेल तर वरचा निकाल उलटा वाचा.

फ्लॉपनंतरच्या कॉललाही हीच पद्धत, फक्त रेंज अरुंद असते. पॉट ६,०००, तुम्ही ८,००० ढकलले, समोरच्याने नुसत्या फ्लशच्या ड्रॉवर (एका चिन्हाचे पाच व्हायला एक पत्ता कमी असताना) कॉल केला. ८,००० भागिले २२,०००, म्हणजे ३६ टक्के हवेत. नऊ आउट्स (फ्लश पुरा करणारे पत्ते), दोन पत्ते बाकी, म्हणजे ३५ टक्के. जवळजवळ बरोबरी; एखादा वरचा पत्ता हातात असेल तर कॉल सरळ बरोबर. हेच टर्नवर (चौथा सामाईक पत्ता पडल्यावर) झालं असतं तर ४६तले नऊ, म्हणजे जेमतेम २० टक्के, आणि कॉल भिकार. ‘ड्रॉवर कॉल केला’ एवढ्यावरून शहाणा-वेडा ठरत नाही; हाताच्या कोणत्या टप्प्यावर, काय भावाने, ते बघा.

त्याने लगेच कॉल केला याचा अर्थ काढायचा तर सावधपणे काढा. दहा ब्लाइंडांच्या शोव्हवर ज्याला आपली किंमत पाठ आहे तो विचार करत बसत नाही. कुणी एकाच वेळी अनेक टेबलं खेळत असतो, कुणी ‘कोणत्याही रकमेला कॉल’चं बटण आधीच दाबून ठेवलेलं असतं, कधी बोट चुकतं. नेट गेलं असेल असं मात्र म्हणू नका. नेट गेल्यावर वेळ संपून हात फोल्ड होतो, कॉल होत नाही.

एका शोडाउनवरून, म्हणजे एकदा उघडलेल्या पत्त्यांवरून, खेळाडूवर शिक्का मारता येत नाही, पण नोंद जरूर करायची. ‘मासा’ किंवा ‘गाढव’ लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी त्यातून काही कळत नाही. लिहायचं ते असं: ‘बिग ब्लाइंड, बटनच्या दहा ब्लाइंडांच्या शोव्हवर राजा-पंजी ऑफसूट कॉल, अँटीसह, बबल लांब, स्वतःकडे पस्तीस ब्लाइंड.’ जागा, भाव, टप्पा, पत्ते. अशा दोन-तीन नोंदी जमल्या की चित्र तयार होतं. पडद्यावर खेळाडूंची आकडेवारी दाखवणाऱ्या हड (HUD) सॉफ्टवेअरवरचे पन्नास-साठ हातांचे आकडे या कामाला निरुपयोगी असतात, कारण तेवढ्यात शोव्हला तोंड द्यायची वेळ त्याच्यावर जेमतेम दोन-चारदा आलेली असते.

पुढे भेटला तर बदल रेंजच्या तळाशी करायचा. सूटेड अठ्ठी-सत्तीने बटनवरून दहा ब्लाइंड ढकलताना कमाई मुख्यतः फोल्डमधून येते. मागचे दोघं प्रत्येकी १५ टक्के हातांनी कॉल करत असतील तर दोघंही टाकण्याची शक्यता ७२ टक्के, आणि शोव्ह पत्ते टाकण्यापेक्षा ब्लाइंडभराहून जास्त कमावते. बिग ब्लाइंड ४० टक्के हातांनी कॉल करू लागला तर तीच शक्यता ५१ टक्क्यांवर येते आणि नफा अर्ध्या ब्लाइंडच्या आत. दोघंही तसे असतील तर ३६ टक्के, नफा जवळपास संपला. म्हणून मागे सैल कॉलर बसला असताना अठ्ठी-सत्ती, गुलाम-अठ्ठी असले हात गाळायचे. एक्का-नव्वी, राजा-राणी, छोट्या-मध्यम जोड्या मात्र तशाच ढकलत राहायच्या. एक्का-नव्वीला तर हा गिऱ्हाईकच. सगळ्यात जास्त दिसणारी चूक उलटी असते: एकदा मार खाल्ला म्हणून लोक त्याच्यापुढे एक्का-नव्वी टाकतात आणि ‘धडा शिकवायला’ अठ्ठी-सत्ती ढकलतात.

हात पुन्हा तपासायचा असेल तर हँड हिस्टरी (साइटवरची त्या हाताची नोंद) उतरवून घ्या, तुमची खरी रेंज प्रामाणिकपणे इक्विटी कॅल्क्युलेटरमध्ये भरा, आणि मग ती पाच-दहा टक्के घट्ट आणि तेवढीच सैल करून पुन्हा चालवा. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं तर ‘चूक’ म्हणा. उत्तर फिरत असेल तर तो काठावरचा हात आहे.

राहिली संगनमताची शंका. एकाच खेळाडूला पुन्हापुन्हा चिप्स देणारे, दर वेळी त्याच माणसाविरुद्धच येणारे आणि किमतीशी कसलाच मेळ नसलेले कॉल दिसले, तर हातांचे क्रमांक गोळा करून साइटच्या सुरक्षा विभागाला कळवा. दहा ब्लाइंडांच्या शोव्हवर ४२च्या जागी ३८ टक्के घेऊन केलेला एक कॉल त्यात बसत नाही.